रंगीत चौकोनातील ताठरता : अणुबल सूक्ष्मदर्शकाचा नकाशा कसा वाचावा

गेल्या वर्षी भात पोटरीत येण्याच्या सुमारास बालाघाट जिल्ह्यातील एका मराठी भाषक विस्तार कार्यकर्त्याने मला एका माहितीपत्रकाचे छायाचित्र पाठविले. सिलिकॉनयुक्त फवारणीच्या एका उत्पादनाचे ते पत्रक होते. त्यावर दोन रंगीत चौकोन शेजारीशेजारी छापलेले होते. डावा निळा-हिरवा, त्याखाली 'फवारणी न केलेले पान'. उजवा लालबुंद, त्याखाली 'फवारणी केलेले पान'. ही चित्रे अॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपने, म्हणजे अणुबल सूक्ष्मदर्शकाने घेतली असून पानाची ताठरता वाढल्यामुळे अळीचे दात चालत नाहीत, असा मजकूर सोबत होता. प्रश्न सरळ होता : "मॅडम, हे चित्र खरे आहे का? गावातले बरेच जण पैसे भरायला तयार आहेत."

चित्र खरे असण्याची पूर्ण शक्यता होती. त्या चित्रावरून काढलेले अनुमान मात्र खरे ठरण्यासाठी मधल्या अनेक पायऱ्या भक्कम असाव्या लागतात, आणि त्यांतील एकही पायरी पत्रकावर दिसत नव्हती. अशी चित्रे आता संशोधन लेखांतून बाहेर पडून कृषी प्रदर्शनांच्या फलकांवर येऊ लागली आहेत. म्हणून ती कशी तयार होतात आणि त्यांतील आकडे कोठून येतात, हे थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक वाटते.

दाबून पाहणारे यंत्र

अणुबल सूक्ष्मदर्शक १९८६ मध्ये गेर्ड बिनिग, कॅल्विन क्वेट आणि क्रिस्टोफ गर्बर यांनी जगासमोर आणला. नावात सूक्ष्मदर्शक असला तरी तो पाहत नाही, चाचपतो. केसाच्या जाडीपेक्षा फार मोठी नसलेली एक लवचिक पट्टी, तिच्या टोकाला काही नॅनोमीटर त्रिज्येचा अणकुचीदार काटा आणि पट्टीच्या पाठीवरून परावर्तित होणारा लेसरचा किरण, एवढी त्याची मूळ रचना. काटा पृष्ठभागाला टेकला की पट्टी वाकते, पट्टी वाकली की किरण सरकतो, आणि किरणाच्या सरकण्यावरून पट्टीचा वाक मोजता येतो.

आंबा पिकला की नाही हे आपण अंगठ्याने दाबून ठरवितो. त्या वेळी दोन गोष्टींची तुलना मनात होत असते : आपण किती जोर लावला आणि फळ किती दबले. हे यंत्र नेमके तेच करते. पट्टीचा वाक गुणिले पट्टीचा बल-स्थिरांक म्हणजे लावलेले बल. पट्टी जितकी खाली नेली त्यातून पट्टीचा वाक वजा केला की काटा नमुन्यात किती रुतला ते कळते. बल आणि रुतण्याची खोली यांचा आलेख काढला की त्याला बल-अंतर वक्र म्हणतात. नमुन्यावरील एका चौकोनात आडवे ६४ आणि उभे ६४ बिंदू घेतले तर असे ४,०९६ वक्र मिळतात. प्रत्येक वक्रातून ताठरतेचा एक आकडा काढायचा, प्रत्येक आकड्याला एक रंग द्यायचा, आणि रंगीत चौकोन तयार होतो.

म्हणजे चौकोनातील लाल रंग यंत्राने 'पाहिलेला' नसतो. तो गणिताने काढलेला असतो. या वाक्यापाशी वाचकांनी थोडे थांबावे, कारण पुढचा सर्व विचार त्यावर उभा आहे.

आकडा कोठून येतो

वक्रातून ताठरता, म्हणजे यंगचा गुणांक, काढण्यासाठी बहुधा हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८२ मध्ये प्रसिद्ध केलेले सूत्र वापरतात. गोलाकार टोक सपाट, एकसंध आणि दाब काढताच पूर्ववत होणाऱ्या पदार्थावर दाबले, तर लागणारे बल हे पदार्थाच्या ताठरतेच्या, टोकाच्या त्रिज्येच्या वर्गमुळाच्या आणि रुतण्याच्या खोलीच्या दीड घाताच्या प्रमाणात वाढते. भाताचे पान सपाट नाही, एकसंध नाही आणि दाबल्यावर पूर्णपणे पूर्ववत होतेच असेही नाही. तरीही सूत्र उपयोगी पडते, पण त्यातील प्रत्येक राशी नीट माहीत असेल तरच.

आता काही साधे हिशेब करून पाहू. पट्टीचा बल-स्थिरांक तिच्या जाडीच्या घनावर अवलंबून असतो. पाकिटावर छापलेली जाडी प्रत्यक्षाहून १० टक्के अधिक असेल आणि प्रयोगकर्त्याने स्वतः पट्टीचे मापन न करता छापील आकडाच वापरला, तर बल ३३ टक्के अधिक धरले जाते आणि ताठरताही तितकीच फुगते. काट्याची त्रिज्या ३० नॅनोमीटर गृहीत धरली, पण वापराने तो बोथट होऊन ६० नॅनोमीटरचा झाला असेल, तर ताठरता सुमारे ४१ टक्क्यांनी जास्त निघते. तिसरी गोष्ट स्पर्शबिंदूची. काटा पृष्ठभागाला नेमका कधी टेकला हे वक्रावर ठरवावे लागते. काटा खरोखर ४० नॅनोमीटर रुतला असताना स्पर्शबिंदू १० नॅनोमीटर पुढे धरला, तर खोली ३० नॅनोमीटर मोजली जाते आणि दीड घातामुळे ताठरता दीडपटीहून किंचित जास्त येते. या तिन्ही चुका एकाच दिशेने झाल्या तर पान तेच राहून त्याची ताठरता जवळजवळ तिप्पट दिसेल.

यावर एक न्याय्य आक्षेप असा, की दोन्ही पाने त्याच पट्टीने आणि त्याच काट्याने मोजली असतील तर चुका दोन्हीकडे सारख्याच येतील आणि तुलना तरी टिकेल. हे बऱ्याच अंशी खरे आहे. अणुबल सूक्ष्मदर्शकातील निरपेक्ष आकड्यांपेक्षा एकाच काट्याने केलेली तुलना मी अधिक विश्वासार्ह मानते. पण मापनाचा क्रम काय होता, हे विचारावे लागते. आधी सर्व साधी पाने आणि नंतर सर्व फवारलेली पाने मोजली असतील, तर दुसऱ्या गटापर्यंत काटा झिजलेला असतो, आणि झिजलेला काटा त्या गटाला आपोआप अधिक ताठर दाखवितो. सिलिकासारख्या कठीण पदार्थावर तर काटा लवकरच झिजतो. यावर उपाय सोपा आहे. नमुने आलटून पालटून घ्यायचे आणि अधूनमधून ज्याची ताठरता माहीत आहे असा तुकडा, उदाहरणार्थ सुमारे ३ गिगापास्कलचा पॉलिस्टायरीन, मोजून काटा शाबूत असल्याची खात्री करायची.

पट्टीची निवडही महत्त्वाची. नमुना पट्टीच्या मानाने फार कठीण असेल तर काटा रुततच नाही; पट्टीच तेवढी वाकते, आणि दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून जे उरते तो निव्वळ गोंगाट असतो. उलट नमुना फार मऊ आणि पट्टी फार ताठ असेल तर वाक दिसतच नाही. उसाची गाडी मोजण्याच्या काट्यावर अंगठी ठेवून सोन्याचे वजन कोणी करीत नाही. ताठर कीटक-कवचासाठी मीटरमागे ४० न्यूटन किंवा त्याहून ताठ पट्टी लागते, जिवंत मऊ पेशींसाठी तिच्या हजारपट मऊ.

माझी एक चूक

या विषयात मी शिरले ती घाटेअळीमुळे. कीटकनाशकांना न जुमानणाऱ्या काही कीटकांचे कवच जाड झालेले असते, त्यामुळे कीटकनाशक आत झिरपण्याचा वेग मंदावतो, हे डासांत आणि ढेकणांत दाखविले गेले आहे. शेतातून आणलेल्या, सहजी न मरणाऱ्या घाटेअळ्यांचे कवच अधिक ताठरही असेल का, असा प्रश्न मला पडला. अळीच्या डोक्याच्या कवचाचे तुकडे घेतले, नकाशे काढले, आणि शेतातील अळ्यांचे कवच प्रयोगशाळेत वाढविलेल्या अळ्यांपेक्षा स्पष्टपणे ताठर निघाले. मी आनंदाने परिषदेसाठी सारांशही लिहून टाकला.

आमच्याकडील एका विद्यार्थिनीने तो वाचून एवढेच विचारले, की दोन्ही नमुने कापल्यापासून मापनापर्यंत किती वेळ गेला होता. शेतातील तुकडे आठवडाभर शोषकाच्या डबीत पडून होते. प्रयोगशाळेतील अळ्यांचे तुकडे त्याच सकाळी कापलेले होते. कीटकाचे कवच कायटिन आणि प्रथिने यांचे बनलेले असते आणि त्याची ताठरता त्यातील पाण्यावर फार अवलंबून असते. वाळताना ती काही पटींनी वाढू शकते. पावसाळ्यात पापड सादळतो आणि उन्हात घातला की पुन्हा कडक होतो, तसाच हा प्रकार. दोन्हीकडचे ताजे तुकडे कापून, त्याच दिवशी, क्षारद्रावणात बुडवून पुन्हा मापन केले तेव्हा दोन्ही गटांचे आकडे एकमेकांत मिसळून गेले. सारांश मागे घेतला. मी आठवडाभर घाटेअळीची प्रतिकारशक्ती नव्हे, शोषकाची डबी मोजत होते.

त्यातून आणखी एक गोष्ट लक्षात आली. जाडी आणि ताठरता या भिन्न राशी आहेत. जाड सतरंजी ताठर नसते आणि पातळ पत्रा मऊ नसतो. कवच जाड झाल्याचा पुरावा म्हणजे ते ताठर झाल्याचा पुरावा नव्हे, आणि कीटकनाशक झिरपण्याशी संबंध बहुधा जाडीचा, तसेच कवचावरील मेणासारख्या हायड्रोकार्बनांचा असतो.

काटा नेमके काय दाबतो

आता माहितीपत्रकातील भाताच्या पानाकडे परत येऊ. भाताच्या पानाच्या बाह्यत्वचेवर सर्वांत वर सुमारे ०.१ मायक्रोमीटर, म्हणजे १०० नॅनोमीटर जाडीचे मेणचट आवरण असते. त्याच्या खाली सुमारे २.५ मायक्रोमीटर जाडीचा सिलिकाचा थर असतो. थरांच्या मापनात एक जुना व्यवहारी नियम आहे : वरच्या थराचीच ताठरता हवी असेल तर काटा त्या थराच्या जाडीच्या दहाव्या भागापेक्षा खोल जाऊ नये. म्हणजे येथे १० नॅनोमीटर. त्याहून उथळ दाबले तर मोजली जाते ती मेणाची ताठरता. त्याहून खोल दाबले तर मेण आणि खालची सिलिका यांचे मिश्रण. दोन पानांवर दाबाची खोली वेगवेगळी ठेवली तर दोन आकडे दोन वेगळ्या गोष्टींचे असतील आणि चित्रात ते सारखेच दिसतील.

फवारणीच्या बाबतीत याहून साधी शंका आहे. सिलिकॉनयुक्त द्रावण पानावर वाळले की त्याचा पातळ थर किंवा कण पृष्ठभागावर राहू शकतात. शुद्ध सिलिका काचेची ताठरता सुमारे ७० गिगापास्कल आहे, पानाच्या आवरणाच्या कितीतरी पट. काटा अशा कणावर टेकला तर तो पान नव्हे, फवारणीचा डाग मोजतो. म्हणून पान धुतले होते का, आणि फवारणीनंतर नव्याने फुटलेल्या पानाचे मापन केले होते का, हे दोन प्रश्न अत्यावश्यक ठरतात. भात सिलिकॉन प्रामुख्याने मुळांवाटे, विद्राव्य सिलिसिक आम्लाच्या रूपात घेतो. मुळातील हे काम करणारे वाहक प्रथिन आणि त्याचे जनुक २००६ मध्ये ओळखले गेले. तेथून ते खोडापानांत जाऊन साठते, आणि भातात त्याचे प्रमाण शुष्क वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. पेंढा आणि तूस शेताबाहेर गेले की त्याबरोबर हा साठाही जातो.

चौकोनाचे सांख्यिकी

रंगपट्टी पाहिल्याशिवाय कोणताही नकाशा वाचू नये. डाव्या चित्रात लाल रंग ५ गिगापास्कलला आणि उजव्यात २ गिगापास्कलला दिला असेल, तर तेच पान डावीकडे निळे आणि उजवीकडे लाल दिसेल. यात फसवणुकीचा हेतू असेलच असे नाही. अनेक संगणक प्रणाली प्रत्येक चित्राची रंगपट्टी स्वतःहून ताणतात, आणि घाईत ती तशीच छापली जाते.

नकाशातील सर्व बिंदू सारखे विश्वसनीयही नसतात. पानावरील लव, पेशींच्या कडा, उंचवट्यांचे उतार अशा ठिकाणी काटा तिरका टेकतो, घसरतो किंवा बाजूने घासतो, आणि तेथील वक्रांवर सपाट पृष्ठभागाचे सूत्र लागू पडत नाही. म्हणून ताठरतेचा नकाशा नेहमी उंचीच्या नकाशाशेजारी ठेवून पाहावा. ताठरतेच्या चित्रातील रेघा उंचीच्या चित्रातील कडांशी तंतोतंत जुळत असतील तर संशय घ्यावा. उरलेल्या आकड्यांचा आयतालेख काढला की तो बहुधा एका बाजूला लांब शेपटी असलेला निघतो. थोडेसे प्रचंड आकडे सरासरी ओढून नेतात. अशा वेळी मध्यक अधिक प्रामाणिक चित्र देतो. किती वक्र टाकून दिले आणि कोणत्या निकषावर, हेही सांगितलेले असावे. याखेरीज काही पत्रकांवर 'फेज' प्रतिमा ताठरतेचा नकाशा म्हणून छापल्या जातात. त्यांत ऊर्जेचा ऱ्हास, चिकटपणा आणि ताठरता अशा अनेक गोष्टी मिसळलेल्या असतात, आणि त्यांवरून गिगापास्कल काढता येत नाहीत.

सर्वांत मोठी गफलत मात्र विस्तार कार्यकर्त्यांना माझ्यापेक्षा चांगली कळेल. ४,०९६ बिंदू म्हणजे ४,०९६ निरीक्षणे, असे मानून दोन चौकोनांतील फरक 'अत्यंत सार्थ' ठरविला जातो. पण ते सर्व बिंदू एकाच पानाच्या, धुळीच्या कणाएवढ्या तुकड्यावरचे असतात. एकाच वाफ्यातील हजार रोपे मोजली म्हणून वाफ्यांची संख्या हजार होत नाही. पुनरावृत्ती एकच राहते. येथेही तसेच. वेगवेगळी रोपे, वेगवेगळ्या कुंड्या किंवा वाफे हीच खरी पुनरावृत्ती. एका साध्या आणि एका फवारलेल्या पानाचा चौकोन म्हणजे प्रत्येकी एक निरीक्षण.

अळीला काय जाणवते

समजा, या सर्व कसोट्यांवर नकाशा उतरला. तरी अळीचा प्रश्न शिल्लक राहतो. ताठरता, काठिण्य आणि चिवटपणा हे व्यवहारात आपण एकाच अर्थाने वापरतो. शास्त्रात ते वेगळे आहेत. ताठरता म्हणजे दाबाने किती वाकेल, काठिण्य म्हणजे ओरखडा किंवा खळगा किती सहज पडेल, आणि चिवटपणा म्हणजे चीर पुढे जायला किती ऊर्जा लागेल. भाजलेला पापड ताठर असतो पण चिवट नसतो. ओली सुतळी चिवट असते पण ताठर नसते. अळी पान दाबत नाही, ती ते कातरते. तिच्या दृष्टीने शिरांतील तंतूंचा चिवटपणा आणि सिलिकाच्या कणांचे काठिण्य अधिक निर्णायक. शिवाय काटा काही नॅनोमीटर खोल जातो, आणि जबडा पूर्ण पान आरपार कापतो.

सिलिकाचा परिणाम होत नाही असे मला म्हणायचे नाही. सिलिकायुक्त गवतावर वाढलेल्या आफ्रिकी लष्करी अळीचे जबडे झिजतात आणि तिची वाढ खुंटते, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले आहे. दुसऱ्या बाजूला चावणाऱ्या अनेक कीटकांच्या जबड्याच्या धारेत जस्त किंवा मँगनीज साठविलेले असते आणि त्याने धार कठीण होते; म्हणजे हा संघर्ष दोन्ही बाजूंनी खनिजांचा आहे. पण जबड्याची झीज अळ्या वाढवून, जबडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून आणि वजने घेऊन सिद्ध होते. पानाच्या पृष्ठभागाचा रंगीत नकाशा त्याची जागा घेऊ शकत नाही.

हे यंत्र आमच्या कामाचे ठरते ते अन्यत्र. जबड्याच्या धारेपासून मुळापर्यंत ताठरता कशी बदलते, पंखाच्या सांध्यात १९६० मध्ये टॉर्केल वाइस-फॉग यांनी वर्णिलेले रबरासारखे रेझिलिन कोठे आहे, हे असे नकाशे उत्तम दाखवितात. भातावरील करप्याच्या बुरशीबाबत तर पृष्ठभागाचे गुणधर्म थेट महत्त्वाचे आहेत. तिचा दाब देणारा अवयव आत सुमारे ८ मेगापास्कलपर्यंत दाब निर्माण करून पानात घुसतो, मोटारीच्या टायरमधील हवेच्या दाबाच्या जवळजवळ चाळीसपट. तेथे सिलिकाच्या थराची यांत्रिक तपासणी हा खरा, उपयुक्त प्रश्न आहे.

बालाघाटच्या त्या कार्यकर्त्याला मी विक्रेत्याला विचारण्यासाठी चार प्रश्न लिहून पाठविले : दोन्ही चित्रांची रंगपट्टी एकच आहे का, किती वेगवेगळ्या रोपांची पाने मोजली, पाने ताजी, धुतलेली आणि फवारणीनंतर फुटलेली होती का, आणि त्याच रोपांवर खोडकिड्याची मोजणी केली होती का. उत्तर फक्त पहिल्याचे आले. रंगपट्ट्या वेगवेगळ्या होत्या. बाकीच्या तीन प्रश्नांची माहिती विक्रेत्याकडेही नव्हती, आणि तसे त्याने प्रांजळपणे सांगितले.

गावाने पैसे भरले नाहीत, पण विषय सोडलाही नाही. यंदाच्या रोवणीला दोन शेतकऱ्यांनी आपल्या बांधीत पाच पुनरावृत्तींचा छोटा प्रयोग घेतला आहे. त्यात ती फवारणी, नुसत्या पाण्याची फवारणी, चिखलणीच्या वेळी मिसळलेली तुसाची राख आणि काहीच न केलेले वाफे आहेत. गाभेमर मोजून झाली आहे. पांढऱ्या लोंब्यांची मोजणी भात निसवल्यावर होईल.